राणीनं मोडलेली घडी

भंडाऱ्याच्या बड्या बाजारात दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर 'मनमोहिनी वस्त्रालय' उघडलं, अन् चार दिवसांत अर्धा जिल्हा भंडाऱ्यात अन् उरलेला भंडाऱ्याच्या वाटेवर, असं होऊन बसलं. हलका, लवकरचा धान निघाला होता. लोकांच्या खिशात उलीसा पैसा खुळखुळत होता. तुळशीचं लग्न लागलं का घरोघरी मांडव पडणार होते. त्यात या दुकानानं दारावर भोंगा लावला. भोंग्यावरचा माणूस सकाळपासून एकच पाढा म्हणून राहिला होता : एकच भाव, घासाघीस बंद, अन् येणाऱ्याच्या अंगावर गुलाबपाणी फुकट. या गुलाबपाण्यासाठी म्हातारे-कोतारे दोन-दोनदा लाईनीत लागत होते. एक डोकरा तं म्हणे दुपट्टा भिजवून घरी घेऊन गेला, बुढीसाठी.

अशा गर्दीत सानगडीचा परसराम येऊन धडकला. वय पंचेचाळीस, धंदा सायकल दुरुस्तीचा. गावात कोणाच्या सायकलीची हवा गुपचूप सोडणारा, अन् मंग "अरे अरे, पंचर दिसते" म्हणून हळहळत भरून देणारा माणूस एकच होता. पण ही झाली त्याची दिवसाची ओळख. भाऊबीज झाली का झाडीपट्टीत गावोगावी मंडई, म्हणजे जत्राच, भरते, मंडईले नाटक होते, अन् सानगडीच्या नाटकात बावीस वर्षांपासून राणी म्हणजे परसराम. बावीस वर्षं त्यानं मिशी वाढू दिली नव्हती. बायको म्हणायची, "साऱ्या गावात माह्याच नवऱ्याचं तोंड सफाचट." तो म्हणायचा, "राणीले मिशा पाहिल्या का तू कुठी?"

संगं होता भोजराज. शाळेत मास्तर, नाटक मंडळाचा सेक्रेटरी, वय अठ्ठावीस, हातात सासऱ्यानं दिलेलं घड्याळ. मंडळाच्या वर्गणीचे पैसे त्यानं शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून वरून पिन लावली होती. उद्या सानगडीची मंडई. राणीचं जुनं पातळ पेटीतल्या पेटीत उंदरांनी कुरतडून त्याची पार जाळी केली होती. म्हणून नवं घ्यायले दोघं आले होते, पहिली गाडी नाही जमली तं दुसऱ्या गाडीनं.

दुकानासमोरची लाईन कुठून सुरू होते अन् कुठी संपते, काही समजत नव्हतं. दहा मिनिटांत दोघं चार पावलं सरकले. भोजराजनं पाचव्यांदा घड्याळ पाहिलं.

"मास्तर, घड्याळ पाहून लाईन नाई सरकत," परसराम म्हणाला.

"मले पाचच्या आत पोस्टात पोचाचं हाय."

"पोस्टात? कोन मेलं?"

"कोनी नाई मेलं. नागपूरले ट्रंक कॉल लावाचा हाय." भोजराजनं इकडेतिकडे पाहिलं, गळा साफ केला. "परसरामभाऊ, आता तुमाले सांगूनच टाकतो. मंडळातल्या पोट्ट्यांचं मत पडलं का औंदा राणीच्या पार्टले नागपूरची बाई आनाची. खरीखुरी बाई. तिले पाठ सबन येते. पाचच्या आत फोन केला तं उद्या दुपारच्या गाडीनं येतो म्हंते."

परसराम हसला. त्याले वाटलं, मास्तर फिरकी घेऊन राहिला. पण भोजराजच्या तोंडावर हसू नव्हतं.

"अन् मी?"

"तुमी राजाच्या सासऱ्याचा पार्ट करा. खुर्चीवर बसूनच हाय. दोन वाक्यं हाय, बाकी खोकला हाय."

"मंग मले इथवर आनलं कायले गा?"

"पातळ निवडाले," भोजराज अगदी साध्या मनानं म्हणाला. "त्यातलं तुमच्याएवढं कोनाले समजते?"

पातळ निवडायचं त्यानं, अन् नेसायचं दुसरीनं!

"बरं, मले काढलं काहून, ते तं सांग."

"आता गाल बसले तुमचे, भाऊ. मांगच्या वर्षी राणी रडली अन् मांगच्या बाजूचे पोट्टे हासले. तुमी ऐकलं नाई काय?"

ऐकलं होतं. वर्षभर रोज ऐकलं होतं. पंचर काढताना, जेवताना, अंगावर पाणी घेताना. पण ते कोणाले दिसू द्यायचं नव्हतं, म्हणून त्यानं वर्षभर जास्तीच मस्करी केली होती.

"किती वाजले मास्तर?"

"सव्वातीन."

पावणेदोन तास होते. पावणेदोन तासांत लोक लग्न जमवतात अन् मोडतातही. पहिलं काम म्हणजे आत घुसणं. दुकानाच्या बाजूले रिकाम्या खोक्यांचा ढीग पडला होता. परसरामनं तीन खोके एकावर एक रचून डोक्यावर घेतले अन् असा आवाज लावला का भोंग्यावरचा माणूस एक घडी गप झाला.

"माल आला, माल! सुरतचा माल! बाजू व्हा, नाई तं डोस्क्यावर पडते!"

माणसाले वाट देत नाही ती गर्दी मालाले देते. सगळी लाईन मधातून फाकली. परसराम खोके सांभाळत पुढे, अन् त्याच्या शर्टाचं टोक धरून भोजराज मांगे. दारावरच्या माणसानं दोघांवर गुलाबपाणी शिंपडलं अन् उलटं विचारलं, "अजून कितीक खोके हाय गाडीत?"

"लय हाय," परसराम म्हणाला. "तू दार सोडू नोको."

आत पाय ठेवला अन् डोळे दिपले. वरपासून खालपर्यंत फळ्याच फळ्या, फळ्यांवर पातळांच्या घड्या. माणूसभर उंचीचे आरसे. दिवसाढवळ्या जळणाऱ्या ट्यूबलाईटी. मधात पांढरीशुभ्र गादी, अन् गादीच्या काठावर बाया बसलेल्या, बायांच्या मांगे बाया उभ्या, त्यांच्याही मांगे टाचा उंचावून पाहणाऱ्या बाया. नव्या कापडाचा वास, गुलाबपाण्याचा वास, लेकरांचं रडणं, बांगड्यांचा आवाज. गल्ल्यावर घनश्यामसेठ बसले होते. गोरे, गोल, घामानं चिंब, अन् चार दिवसांपासून एवढे खुश का त्यांचे ओठ आता मिटतच नव्हते.

गादीवर चार नोकर पातळ दाखवून राहिले होते. दाखवायची रीत अशी का नोकरानं ते आपल्याच खांद्यावर टाकायचं, पदर सोडायचा अन् बाईले म्हणायचं, पाहा. परसरामनं ते पाहिलं अन् त्याच्या जिवाचा संताप झाला. काय टाकून राहिले होते! धोतर वाळू घातल्यासारखं! एकानं तं एवढं सुंदर मोरपंखी पातळ टॉवेलासारखं मानेभोवती गुंडाळलं होतं.

"ओ खोकेवाले भाऊ!" एक बाई ओरडली. "ते वरचं हिरवं काढा ना. कवाची बसली हाय मी!"

मी दुकानातला नाही, असं सांगायले परसरामनं तोंड उघडलं, अन् तसंच मिटून घेतलं. खोके खाली ठेवले. चपला काढल्या. गादीवर चढला.

हिरवं पातळ काढलं, एका झटक्यात उलगडलं, चार बोटांत चार चुण्या पाडल्या, खांद्यावर टाकलं, पदर पाठीवरून पुढे घेतला अन् मान जराशी वाकडी केली. बस्स, एवढंच. गादीजवळच्या बाया बोलता बोलता थांबल्या.

"माह्या रंगावर उठन का हो?" त्या बाईनं विचारलं.

"बाई, तुमचा रंग गव्हाचा, याचा रंग हरभऱ्याच्या पाल्याचा. वावरात दोन्ही शेजारीच असते का नाई?"

बाईनं ते त्याच्या खांद्यावरूनच ओढून घेतलं. मंग काय! "ओ भाऊ, मले." "ओ दादा, इकडे." "अवो, मी अगोदर आली ना!" परसरामनं निळं टाकलं, निळं गेलं. पिवळं टाकलं, पिवळं गेलं. चार दिवसांत कोणी हातही लावला नव्हता असं एक राखाडी पातळ नोकरानं उगीच पुढे सरकवलं. परसरामनं पदर डोक्यावर घेऊन डोळे खाली केले, तं त्या राखाडीसाठी दोघी भांडल्या. एक बाई दोन पातळं मांडीवर घेऊन अर्ध्या तासापासून विचार करून राहिली होती. परसराम तिच्या कानाजवळ वाकला.

"यातलं एक इथीच सोडून जा बाई. तुमची जाऊ मांगे लाईनीत उभी हाय, तिले देतो."

जाऊ होती का नव्हती, देव जाणे. बाईनं दोन्ही बगलेत मारली अन् गल्ल्याकडे चालती झाली.

परसरामले असं चढून राहिलं होतं का आपण कायले आलो तेच तो विसरला. समोर माणसं, वर लाईट, अन् सगळ्यांचे डोळे आपल्यावर. स्टेजच होतं ते! फरक एवढाच का इथी पेटी-तबल्याच्या जागी कैची कचकच वाजत होती.

घनश्यामसेठनं गल्ल्यावरून पाहिलं अन् मांगच्या मुनीमले विचारलं, "ये आदमी कौन है? मैंने कब रखा इसको?"

"आप ही ने रखा होगा सेठ," मुनीम म्हणाला. चार दिवसांत एवढे नोकर आले-गेले होते का त्यालेही आठवत नव्हतं.

"अच्छा किया," सेठ स्वतःचीच पाठ थोपटल्यासारखे म्हणाले. अन् ओरडले, "ओ भैया! वो ऊपर का गठ्ठा भी खोल दो!"

इकडे भोजराज मास्तरची खुंटी झाली होती. बिचारा भिंतीले टेकून उभा होता अन् येणारी बाई आपली पिशवी त्याच्या हातात देऊन पुढे घुसत होती. दोन पिशव्या डाव्या हातात, तीन उजव्या हातात, अन् कडेवर कोणाचं तरी लेकरू. ते लेकरू त्याच्या घड्याळाचा पट्टा चावून राहिलं होतं.

"परसरामभाऊ!" तो मधून मधून ओरडायचा. "पातळ! आपलं पातळ!"

वरचा गठ्ठा खुलला अन् त्यात ते होतं. डाळिंबी रंगाचं. डाळिंब फोडल्यावर आत जो रंग दिसते ना, पिकलेला पण काळपट नाही, तोच. बोटभर जरीचा काठ अन् पदरावर बारीक बुट्टे. बावीस वर्षं परसरामनं राणी केली, पण राणीसारखं पातळ त्याच्या अंगाले कधी लागलं नव्हतं. मंडळाच्या वर्गणीत सरदाराच्या बायकोपुरतंच येत होतं. एकसारखी दोन होती. त्यानं पहिलं नुसतं रंग पाहायसाठी खांद्यावर टाकलं, अन् लाखनीच्या एका बाईनं ते पुरतं पाहूही दिलं नाही. "बांधा," म्हणाली, अन् गेलं. दुसरं त्यानं झटकन गुडघ्याखाली दाबलं अन् वर बसून घेतलं.

दाबलं खरं. पण दाबल्याबरोबर त्याले आठवलं का हे नेसणार नागपूरची बाई. तेवढ्यात दारात गलका झाला.

"बस्तेवाले आए! जगह करो, जगह करो!" घनश्यामसेठ स्वतः गल्ल्यावरून उठले. लग्नघरचे लोक नवरीपासून आजेसासूपर्यंत सगळ्यांचं कापड एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतात, त्याले बस्ता म्हणतात. बस्त्याचं गिऱ्हाईक म्हणजे दुकानदाराचा देव. हा बस्ता वरठीच्या कौशल्याबाईचा होता. तिच्या एकुलत्या एका पोरीचं लग्न. बाई ठेंगणी, आवाज पहाडी, अन् मांगे तिची धाकटी जाऊ सुमनबाई, जी तोंड वाकडं करायच्या कामालेच आणल्यासारखी दिसत होती.

कौशल्याबाई गादीवर बसली. सेठनं थंडा मागवला. समोर वीस पातळांचा ढीग पडला. तिनं एकालेही हात लावला नाही. सरळ परसरामकडे बोट केलं.

"तुमच्या गुडघ्याखालून जे लाल लाल डोकावून राहिलं, ते काढा."

"ते? ते फाटकं हाय बाई."

"फाटकं हाय तं त्याच्यावर बसले काहून? काढा."

"दिखाव, दिखाव!" सेठ ओरडले.

सुटका नव्हती. परसरामनं पातळ काढलं अन् त्याच्या डोक्यात खट्याळ किडा वळवळला. चांगलं टाकलं का विकते. वाईट टाकलं तं? त्यानं पातळाचा बोळा केला, खांद्यावर तांदळाचं पोतं टाकावं तसं टाकलं, पदर एका बाजूले लोंबता सोडला अन् पोट पुढे काढून उभा राहिला.

कौशल्याबाईनं नाक वर केलं. "हॅट्. हे तं बुजगावणं दिसून राहिलं."

"मी तं पाहताच म्हनली," सुमनबाईनं पुढे केलं. ती काहीच म्हणाली नव्हती.

परसराम मनातून नाचला. आज पहिल्यांदा त्याच्या अंगावरचं पातळ विकलं गेलं नाही! पण भिंतीकडून भोजराजचा आवाज आला. लेकरू आता त्याच्या खांद्यावर झोपलं होतं.

"पाहा भाऊ. मी हेच म्हनत होतो. वय झालं का नाई शोभत. आता साडेचार होऊन राहिले. मी चाल्लो पोस्टात. ते पातळ बांधून घ्या, चांगला रंग हाय, बाईले शोभन."

अन् त्यानं पिशव्या खाली ठेवायले सुरुवात केली.

परसराम तिथंच, बुजगावण्यासारखा, उभा राहिला. अशा कात्रीत तो उभ्या जन्मात सापडला नव्हता. पातळ असंच बेढब धरून ठेवलं तं पातळ सानगडीले जाते, पण राणी दुसरी. अन् नीट नेसलं तं मास्तर पाहील खरं, पण बस्तेवाली बाई ते घेऊन वरठीले चालती होईल. पातळ का पार्ट? दोन्ही एका हातात येत नव्हतं. आरशात त्यानं स्वतःकडे पाहिलं. गाल बसले होते, खोटं नव्हतं.

"थांब मास्तर," तो म्हणाला. "एवढं पाहून घे, मंग जाजो."

त्यानं पातळ झटकलं. खांद्यावर नाही टाकलं. कमरेले लावलं. लेंग्याच्या नाड्यात एक टोक खोचलं, एक वेढा घेतला, निऱ्या धरल्या. सात निऱ्या, एकसारख्या, मोजून घेतल्यासारख्या, अन् हाताच्या एकाच फटक्यात आत गेल्या. पदर छातीवरून खांद्यावर, खांद्यावरून पाठीवर, पाठीवरून डोक्यावर. खालून सायकलवाल्याचा काळा झालेला शर्ट होता, पण तो कोणाले दिसला असन तं शपथ. त्यानं डोळे मिटले. उघडले तेव्हा खांदे खाली आले होते अन् मान वर गेली होती. तो गादीवर चालला. पाच पावलं. पाच पावलांत दुकानातल्या शंभर बाया हळूहळू चूप होत गेल्या.

परसराम सेठकडे वळला. आवाज चढवला नाही, खाली आणला.

"प्रधानजी, महालाचे दरवाजे उघडा. बाहेर माझी प्रजा उन्हात उभी आहे. माझं राज्य गेलं, माझा राजा गेला, माझ्याजवळ देण्यासारखं आता काही राहिलं नाही. तरी आज या दरबारातून कोणीही रिकाम्या हातानं परत जाणार नाही!"

शेवटच्या शब्दावर राणीचे डोळे भरून येतात, ते आले. इथीच मांगच्या वर्षी पोट्टे हसले होते. परसराम कान लावून उभा राहिला. एक घडी गेली, दोन गेल्या. कोणी हसलं नाही. मांगच्या कोपऱ्यातून एका बुढीचा आवाज आला, "माय व माय, कसं झालं बिचारीचं." अन् घनश्यामसेठ, ज्यांनी आयुष्यात कोणाले मुफत टाचणी दिली नव्हती, ते दोन्ही हात जोडून उभे राहिले अन् म्हणाले, "जी!" दारावरच्या गुलाबपाणीवाल्यानं खरोखरच दाराचे दोन्ही पल्ले उघडले, अन् बाहेरची सगळी लाईन भसकन् आत आली.

मंग जो आवाज उठला! टाळ्या, शिट्ट्या, बायांचं हसणं, झोपलेलं लेकरू उठून भोजराजच्या कानात बोंबललं. अन् त्या सगळ्यांच्या वर कौशल्याबाईचा पहाडी आवाज.

"सानगडीची राणी! अवो सुमन, हे सानगडीची राणी होय! माह्या लग्नाच्या अगोदर मी एकदम पुढे बोऱ्यावर बसून पाह्यलं होतं. माहेर त्याच बाजूचं नाई का माहं! वीस वर्सं झाले. हे वाक्य आईकून मी दोन दिवस जेवली नव्हती!"

परसराम लाजला. राणीसारखा लाजला, पदराचं टोक बोटात धरून.

"बांधा," कौशल्याबाई म्हणाली. "हेच पातळ. माही पोट्टी असीच दिसली पायजे."

गेलं. परसरामनं डोळ्यांनीच पातळाचा निरोप घेतला. पण सुमनबाई इतका वेळ कामाविना बसली होती.

"हे पातळ? नवरीले? घडी मोडली ना त्याची! नव्या पातळाची घडी सवाशीन बाई पाहून मोडाले लावतात. खांद्यावर टाकलं तं टाकलं, या बाप्यानं तं निऱ्या घालून पुरं नेसलं. माणसानं घडी मोडलेलं पातळ घेऊन पोरीले उभी करता मांडवात?"

चार बाया "खरं हाय, खरं हाय" म्हणाल्या. सेठचा चेहरा पडला. कौशल्याबाईनं परसरामले खालून वर पाहिलं.

"माणूस कुठी हाय इथी?" ती म्हणाली. "मले तं दिसून नाई राहिला. राणीनं मोडली घडी. माह्या पोरीच्या नशिबात राणीच्या हातची घडी हाय, तुह्या पोटात कायले दुखते?"

सुमनबाईनं तोंड वाकडं केलं, पण मिटलंही. इकडे बायांनी परसरामले घेरलं. "उद्या तुमीच हाय ना राणी?" "आमी साकोलीवरून येतो." "मी तं भावाकडेच चाल्ली मंडईले, नक्की पाहते." परसरामनं भोजराजकडे पाहिलं. भोजराज अजून तिथंच उभा होता. पिशव्या खाली, लेकरू खांद्यावर, डोळे लाल.

"मास्तर," परसराम म्हणाला, अन् हे म्हणायले त्याले लय जोर लागला, "पाचले दहा कमी हाय. पोस्ट बंद होऊन राहिलं."

"होऊ द्या," भोजराज म्हणाला. त्यानं बाहीनं नाक पुसलं. "नागपूरच्या बाईले पाठ येत असन. हे नाई येत." मंग एकदम त्याच्यातला सेक्रेटरी जागा झाला. "पन भाऊ, पातळ तं गेलं! उद्या नेसता काय? दुसरं घ्यायले तं घ्या, पन याच्यासारखं..."

"नेसता काय म्हंजे?" कौशल्याबाईनं ऐकलं होतं. "हेच नेसाचं! अर्धा घंटा अंगावर घेतलं म्हंजे घडी मोडली होते का? मोडाची तं पुरी मोडा. हे पातळ घेऊन जा, उद्या नाटकात नेसा. मी येतोच हाव माहेरी. पहिल्या रांगेत बसीन अन् खेळ सुटला का तिथूनच घेऊन जाईन."

बावीस वर्षांत पहिल्यांदा राणी आपलं वाक्य विसरली.

पातळ सोडून, हलक्या हातानं घडी करून त्यानं सेठकडे बांधायले दिलं. सेठनं कागद लावला, सुतळी गुंडाळली, अन् प्रेमानं म्हणाले, "भैया, कल छुट्टी ले लो, नाटक कर लो. परसों टाइम पे आना."

"कुठी येऊ सेठ?"

"दुकान में! नौकरी पे!"

"मी गिऱ्हाईक हाव सेठ," परसराम म्हणाला. "साडेतीनपासून गादीवर उभा हाव. तुमच्या दुकानात कोनी मले एक पातळ नाई दाखवलं!"

सेठ मुनीमकडे पाहत राहिले, मुनीम सेठकडे. मंग सेठ असे हसले का गल्ला हलला. जबरदस्तीनं त्यांनी एक पोपटी झंपराचं कापड परसरामच्या पिशवीत कोंबलं. "राणी को हमारी तरफ से," म्हणाले.

बाहेर ऊन उतरलं होतं. लाईन अजून तेवढीच होती. भोजराज पोस्टाच्या वाटेकडे न पाहता सरळ एसटी स्टँडकडे निघाला, अन् परसराम बंडल छातीशी धरून, पाय जमिनीले न लावता, त्याच्या मांगे. चौकातल्या ठेल्यावर त्यानं थांबून एक पान लावायले सांगितलं. गोड, दुहेरी, वरून लवंग. आज पान खाल्लं नाही तं मंग कधी खायचं! पान तोंडापाशी नेलं, अन् मांगून तोच पहाडी आवाज आला. कौशल्याबाई दुकानाच्या पायरीवर उभी राहून, अर्धा बाजार ऐकेल अशी ओरडून राहिली होती.

"ओ राणीसायेब! पातळ हातात हाय तोवर पान खाचं नाई! एक शितोडा उडाला तं मांडवात तुमालेच उभी करीन!"

परसरामनं बंडलाकडे पाहिलं. पानाकडे पाहिलं. मंग वळून तो भोजराजले म्हणाला, "आ कर मास्तर," अन् मास्तर काय, काहून विचारायच्या आत ते अख्खं पान त्याच्या तोंडात कोंबून, बंडल दोन्ही हातांनी सांभाळत, सानगडीच्या गाडीकडे पळत सुटला.